हिमोग्लोबिनला नाव देणारा डॉक्टर

रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण आधी एकच आकडा शोधतात, तो म्हणजे एचबी. बाह्यरुग्ण विभागात खेड्यातून आलेली आजीसुद्धा सुनेचे 'रक्त किती टक्के आहे' हे न चुकता विचारते. टक्के हा शब्द तिने कुठून उचलला कोण जाणे, पण विचारायचे असते ते हिमोग्लोबिनबद्दल. हा शब्द १८६४ साली एका जर्मन डॉक्टरने रूढ केला. त्यांचे नाव फेलिक्स होप-झायलर. रक्त, पू, स्नायू असल्या गोष्टी प्रकाशासमोर आणि परीक्षानळीत ठेवून प्रश्न विचारता येतात, हे वैद्यकाला शिकवणाऱ्या मोजक्या माणसांत त्यांची गणना होते. त्यांच्या आयुष्यात मोठेपणाच्या दोन गोष्टी आहेत आणि एक फार मोठी चूकही आहे. तिन्ही सांगण्यासारख्या आहेत.

फेलिक्स होप यांचा जन्म २६ डिसेंबर १८२५ रोजी जर्मनीतल्या फ्रायबुर्ग आन डेर उनस्ट्रूट या छोट्या गावात झाला. वडील चर्चमध्ये वरच्या पदावर होते. फेलिक्स सहा वर्षांचा असताना आई गेली आणि त्यानंतर तीनेक वर्षांत वडीलही गेले. मोठ्या बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने, म्हणजे झायलर यांनी, पोरक्या मुलाला घरी नेले. पुढचे शालेय शिक्षण हाले शहरातल्या अनाथाश्रमाच्या शाळेत झाले. रसायनशास्त्राची गोडी त्याला तिथेच लागली. पुढे हाले, लाइपझिग आणि बर्लिन इथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८५० च्या सुमारास ते डॉक्टर झाले. काही काळ त्यांनी बर्लिनमध्ये रुग्णही तपासले. पण रुग्णाच्या खाटेपेक्षा खाटेखालच्या भांड्यात काय आहे याची त्यांना जास्त उत्सुकता होती. असे डॉक्टर प्रत्येक पिढीत थोडे असतात आणि त्यांची चेष्टाही होते.

१८५६ साली त्यांना योग्य जागा मिळाली. रुडॉल्फ फिरखो नुकतेच बर्लिनला परतले होते. पेशी हेच रोगाचे मूळ ठिकाण आहे असे सांगणारे हे विकृतिशास्त्रज्ञ. त्यांच्या नव्या संस्थेत रसायनाचा विभाग होपना सोपवण्यात आला. तिथे आलेल्या अनुभवावर त्यांनी १८५८ साली डॉक्टरांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी रासायनिक तपासण्यांचे एक हातपुस्तक लिहिले. लघवीत साखर कशी शोधायची, पित्त कसे ओळखायचे अशा रोजच्या कामाच्या गोष्टींचे हे पुस्तक पुढे कितीतरी आवृत्त्यांमधून चालत राहिले.

याच काळात कोळशाच्या धुरातल्या विषारी वायूकडे, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडकडे, त्यांचे लक्ष गेले. हा वायू रक्तात मिसळला की रक्त चेरीसारखे लालभडक होते आणि तसेच राहते. साधे रक्त दाहक सोड्यात मिसळले तर तपकिरी, मळकट होते, पण या वायूने भरलेले रक्त लालच राहते. यावरून विषबाधा ओळखण्याची एक सोपी चाचणी त्यांनी दिली. पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांचेही याच सुमारास याच विषयावर काम चालू होते. पण हा लाल रंग देणारा पदार्थ नेमका कोण, तो शुद्ध स्वरूपात कसा ओळखायचा, हा प्रश्न शिल्लक होता.

उत्तराचे साधन तयार झाले ते हायडेलबर्गमध्ये, आणि तेही भलत्याच कामासाठी. रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्टाव्ह किरखोफ या जोडीने १८५९-६० मध्ये दाखवले की प्रत्येक मूलद्रव्य ज्योतीत धरले की त्याच्या प्रकाशात ठरावीक रंगांच्या रेषा दिसतात. त्या रेषांवरून सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्येही सापडली. सूर्य कशाचा बनला आहे हे पृथ्वीवर बसून सांगता येऊ लागले. विज्ञानजगत अशा गप्पांत रंगले असताना होपना वाटले, हेच यंत्र रक्तासमोर ठेवून पाहू.

१८६१ साली ते ट्युबिंगेन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. विद्यापीठाने प्रयोगशाळेसाठी जागा दिली ती टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यात, जिथे एकेकाळी राजघराण्याचे कपडे धुतले जात आणि स्वयंपाक होत असे. दगडी कमानी, खोल खिडक्या, थंडगार भिंती. सरकारी इमारतीत नव्या विभागाला जिन्याखालची खोली मिळते तसलाच हा प्रकार. पण रसायनाच्या कामाला थंडावा बरा असतो, आणि दार बंद केले की अंधारही चांगला होतो.

प्रयोग सांगायला सोपा आहे. सूर्यप्रकाशाची एक बारीक फट घ्यायची. तो प्रकाश पाण्यात पातळ केलेल्या रक्तातून जाऊ द्यायचा आणि मग लोलकातून. पलीकडे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांची पट्टी दिसते. मध्ये रक्त नसताना ती जवळपास सलग असते. रक्त ठेवले की पिवळ्या-हिरव्या भागात दोन काळे पट्टे उमटतात. रक्तातल्या रंगद्रव्याने नेमका तेवढाच प्रकाश गिळलेला असतो. आजच्या मापात हे पट्टे ५७७ आणि ५४१ नॅनोमीटरच्या आसपास येतात. होपनी हे १८६२ साली फिरखोंच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. रक्तात आम्ल किंवा अल्कली घातले की पट्टे बदलतात. म्हणजे रंगद्रव्य शाबूत आहे की मोडले, हेही प्रकाशच सांगतो. रक्त ठेवायला त्यांनी समांतर काचांचे एक चपटे भांडे वापरले, दोन काचांमध्ये बरोबर एक सेंटीमीटर अंतर असलेले. आज कुठल्याही प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये जी छोटी चौकोनी काचनळी घालतात, तिच्यातूनही प्रकाश साधारणपणे एक सेंटीमीटरच जातो.

इथे माझी एक गोष्ट सांगतो, कारण या पट्ट्यांनी मला एकदा पकडले होते. पदव्युत्तर अभ्यासात माझ्या प्रबंधासाठी रुग्णांच्या रक्तद्रवाची तपासणी करायची होती. आमच्या रुग्णालयात तसे यंत्र नव्हते. विद्यापीठात सर्व विभागांसाठी मिळून एक यंत्र होते, आधी नाव नोंदवून वेळ घ्यावी लागे. मी बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन एसटीने गेलो. यंत्र चालवणाऱ्या गृहस्थांनी पहिल्या तीन नमुन्यांचे आलेख पाहिले आणि ४१५ नॅनोमीटरजवळचा उंच सुळका मला दाखवला. तो सुळका हिमोग्लोबिनचा. रक्तद्रवात ते असायलाच नको होते. मी घाईत रक्त काढले होते आणि सिरिंजमधले रक्त सुईतूनच जोराने नळीत सोडले होते, त्यामुळे लाल पेशी फुटल्या होत्या. दोष माझाच होता. ते गृहस्थ वैद्यक शिकलेले नव्हते, पण माझ्या नमुन्याबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळले. सगळे नमुने टाकून दिले आणि दोन महिन्यांनी पुन्हा नवे घेतले. यंत्र कितीही चांगले असो, त्यात घातलेला नमुना बिघडलेला असेल तर ते बिघाडच अचूक मोजते. हे होपना १८६२ मध्ये ठाऊक होते, मला १३० वर्षांनंतर शिकावे लागले.

होपचा शोधनिबंध इंग्लंडमध्ये केंब्रिजचे गणिताचे प्राध्यापक जॉर्ज स्टोक्स यांच्या वाचनात आला. त्यांनी प्रयोग करून पाहिला आणि एक पाऊल पुढे गेले. रक्तातला प्राणवायू काढून घेणारे रसायन त्यांनी त्यात घातले. दोन पट्ट्यांच्या जागी एकच रुंद, अस्पष्ट पट्टा उरला. मग नळी हवेत हलवली तर दोन पट्टे परत आले. रक्त प्राणवायू कसे उचलते आणि सोडते, हे एका काचनळीत डोळ्यांनी दिसले. साल होते १८६४. त्याच वर्षी होपनी शुद्ध, स्फटिकरूप रंगद्रव्याला हिमोग्लोबिन म्हटले. स्टोक्सनी त्याला क्रुओरिन असे नाव सुचवले होते, ते टिकले नाही. नाहीतर ती आजी आज क्रुओरिन किती म्हणून विचारत असती.

तुमच्या घरातल्या कपाटात करोनाकाळात घेतलेला पल्स ऑक्सिमीटर असेल. तो हेच करतो, फक्त सूर्याऐवजी दोन दिव्यांनी, एक लाल आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. बोटातून कोणता प्रकाश किती पार जातो यावरून तो प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन किती हे सांगतो. पण कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाशाच्या बाबतीत प्राणवायूवाल्या हिमोग्लोबिनसारखेच वागते. दोनच दिवे असलेल्या यंत्राला फरक कळत नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवून बेशुद्ध झालेली व्यक्ती, किंवा थंडीत खोलीत शेगडी पेटवून झोपलेले कुटुंब, अशा वेळी बोटाला लावलेले यंत्र ९८ दाखवू शकते आणि रुग्ण तरीही गुदमरत असतो. डोके दुखणे, गरगरणे, उलटी, एकाच वेळी घरातल्या अनेकांना त्रास होणे अशी लक्षणे दिसली तर आकड्यावर विसंबू नका. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, ताबडतोब रुग्णालयात न्या आणि गिझर किंवा शेगडीचा उल्लेख डॉक्टरांजवळ जरूर करा. मोठ्या रुग्णालयातले यंत्र अनेक तरंगलांबींवर रक्त तपासून खरे प्रमाण सांगते. होपनीही हे दाखवले होते की अशा रक्ताचे दोन पट्टे वरकरणी साध्या रक्तासारखेच दिसतात, पण प्राणवायू काढणारे रसायन घातले तरी ते एकमेकांत मिसळत नाहीत.

१८६४ सालीच आणखी एक गोष्ट झाली. ज्यांनी लहानपणी आसरा दिला होता त्या झायलर यांनी त्यांना रीतसर दत्तक घेतले. वय ३८, विद्यापीठात प्राध्यापक, नावाजलेला संशोधक. अशा माणसाने उपकाराची नोंद म्हणून आपल्या नावाला पालकाचे नाव जोडले. तेव्हापासून ते होप-झायलर झाले.

किल्ल्यातल्या त्या स्वयंपाकघरात १८६८ साली बासेलहून एक तरुण डॉक्टर आला, फ्रीडरिश मीशर. ऐकू कमी येत असल्यामुळे रुग्ण तपासणे त्याला अवघड वाटत होते. होप-झायलरनी त्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे रसायन शोधायला सांगितले. या पेशी आणायच्या कुठून? जंतुनाशकांचा वापर अजून रुळायचा होता, त्यामुळे जवळच्या शस्त्रक्रिया विभागात पुवाने भिजलेल्या पट्ट्यांना तोटा नव्हता. मीशर त्या पट्ट्या घेऊन येई, कुजलेल्या टाकून देई आणि चांगल्यांतल्या पेशी क्षाराच्या द्रावणात अलगद धुऊन काढी. १८६९ मध्ये त्याला पेशींच्या केंद्रकातून फॉस्फरस असलेला एक अगदी वेगळा पदार्थ मिळाला. तो प्रथिन नव्हता, चरबी नव्हती. त्याने त्याला न्यूक्लीन म्हटले. ज्याला आज आपण डीएनए म्हणतो त्याचे हे पहिले दर्शन.

इथे होप-झायलरचा स्वभाव दिसतो. शोधनिबंध त्यांच्याच नियतकालिकात छापायचा होता. विद्यार्थी स्वतःचा, प्रयोगशाळा स्वतःची, शोध खळबळजनक. दुसऱ्या कोणी घाईने छापला असता. त्यांनी तो ठेवून घेतला आणि सगळे प्रयोग स्वतःच्या हाताने पुन्हा केले. यीस्टमध्ये तो पदार्थ आहे का ते स्वतः पाहिले, दुसऱ्या विद्यार्थ्याला पक्ष्यांच्या आणि सापांच्या रक्तपेशींत शोधायला लावले. सगळे जुळल्यावर, १८७१ मध्ये, मीशरचा निबंध छापला, त्याच्या नावाने. मधल्या काळात मीशरची घालमेल झाली असणार हे उघड आहे. पण मी वरिष्ठ म्हणून किती विद्यार्थ्यांच्या प्रबंधावर, एकाही नमुन्याला हात न लावता, सही केली आहे ते आठवले की या दिरंगाईला नावे ठेवायला माझी जीभ उचलत नाही.

१८७२ मध्ये ते स्ट्रासबुर्गला गेले. जीवांच्या रसायनशास्त्रासाठी स्वतंत्र असे ते जर्मनीतले एकमेव प्राध्यापकपद होते. १८७७ मध्ये त्यांनी या विषयाचे स्वतंत्र नियतकालिक काढले आणि हे शास्त्र शरीरक्रियाशास्त्राच्या ओसरीवर राहणार नाही, त्याला स्वतःचे घर हवे, असा आग्रह धरला. शरीरक्रियेचे दिग्गज त्यावर रागावले. स्ट्रासबुर्गच्या त्या प्रयोगशाळेत ज्यांनी काम केले त्यांत आल्ब्रेख्ट कोसेल होते, ज्यांना केंद्रकाम्लांवरच्या कामासाठी १९१० चे नोबेल मिळाले. रुग्णालयातला नमुना आणि विद्यापीठातले यंत्र यांची गाठ घालून देणारी अशी जागा हवी, ही कल्पना आज आपल्याला साधी वाटते. आज पवईच्या आयआयटीत आणि अनेक विद्यापीठांत बाहेरच्यांनाही शुल्क भरून वापरता येणारी मध्यवर्ती उपकरण केंद्रे आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयातला विद्यार्थीही तिथे नमुना पाठवू शकतो. जैविक नमुना म्हटला की अर्ज जरा मोठा होतो, संसर्गाबद्दल, नैतिक समितीच्या मंजुरीबद्दल प्रश्न विचारले जातात, आणि ते योग्यच आहे. पण दार आहे.

ज्याला असे दार नव्हते, त्या माणसापाशी आता येतो. चार्ल्स मॅकमन हे आयर्लंडमधले डॉक्टर, इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन या औद्योगिक शहरात व्यवसाय करणारे. दिवसभर रुग्ण, आणि उरलेल्या वेळात घराच्या तबेल्यावरच्या माडीत सूक्ष्मदर्शकाला जोडलेला वर्णपटदर्शक. १८८४ पासून त्यांनी किडे, गोगलगायी, पक्षी, माणूस अशा नाना जीवांच्या स्नायूंच्या चकत्या प्रकाशासमोर धरल्या आणि सगळीकडे तेच पट्टे पाहिले. हिमोग्लोबिनच्या पट्ट्यांसारखे नव्हे, वेगळे. पेशींच्या आत श्वसनाशी संबंधित असे एखादे रंगद्रव्य आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. ज्या कीटकांत हिमोग्लोबिनच नसते त्यांतही हे पट्टे होते, हा त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा होता.

होप-झायलरना तो पटला नाही. त्यांच्या एका विद्यार्थ्याने कबुतराच्या छातीचे स्नायू तपासले आणि हे रंगद्रव्य म्हणजे हिमोग्लोबिनच मोडून तयार झालेला पदार्थ आहे असे सांगितले. मॅकमननी उत्तर पाठवले. ते १८९० मध्ये छापले गेले, पण संपादकाच्या टिपेसह: यापुढे या विषयावर चर्चेची गरज नाही. संपादक अर्थातच होप-झायलर.

शंका घेणे चूक नव्हते. नमुन्यात रक्त राहिले तर वर्णपट फसवतो, ही शंका मी माझ्या प्रबंधाच्या अनुभवावरून पूर्ण समजू शकतो, आणि मॅकमनच्या रसायनातही कच्चे दुवे होते. पण मीशरच्या बाबतीत जो माणूस दोन वर्षे थांबून स्वतः नळ्या धुतो, त्याने किड्यांचा मुद्दा बाजूला ठेवून कबुतरावर निकाल दिला. मीशर त्याच्या स्वयंपाकघरात होता, मॅकमन तबेल्यावर. मला तरी एवढाच फरक दिसतो. स्ट्रासबुर्गच्या टिपेनंतर मॅकमनचे काम इतरांनीही गांभीर्याने घेतले नाही.

होप-झायलर १० ऑगस्ट १८९५ रोजी कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या वासरबुर्ग इथे वारले. त्यांच्या नियतकालिकाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. मॅकमन १९११ मध्ये गेले. वर्णपटावरचे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९१४ मध्ये निघाले. त्यात त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे की आपली रासायनिक बाजू दुबळी आहे, होप-झायलर या नावामुळे आपले म्हणणे स्वीकारले गेले नाही, तरी हे रंगद्रव्य कधीतरी पाठ्यपुस्तकात जाईल.

१९२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या मॉल्टिनो संस्थेत डेव्हिड कीलिन घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या एका माशीचा अभ्यास करत होते. माशीच्या छातीच्या स्नायूंत त्यांना चार पट्टे दिसले. मग यीस्टच्या द्रावणातही दिसले. नळी हवेत हलवली की नाहीसे होत, ठेवून दिली की परत येत. कीलिननी श्रेय उघडपणे मॅकमनना दिले आणि त्या रंगद्रव्याला नवे नाव ठेवले, सायटोक्रोम. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या जीवरसायनाच्या पुस्तकात त्यावर अख्खे प्रकरण आहे, हिमोग्लोबिनच्या प्रकरणापासून फार लांब नाही.